क्षिझोवा : एका वाड्याचे वारसदार

ऑक्टोबर १८८९. प्रशियाच्या सायलेशिया प्रांतातल्या क्रायझाऊ नावाच्या खेड्यात थिओडोर वँगेमान नावाचा पाहुणा एक चमत्कारिक यंत्र घेऊन उतरला. तो एडिसनचा माणूस होता आणि यंत्र होतं फोनोग्राफ. गावातल्या वाड्याचे मालक फील्डमार्शल हेल्मुट फोन मोल्टके तेव्हा नव्वदीला टेकलेले होते. म्हातारबुवांनी यंत्राच्या कर्ण्यासमोर बसून ग्योटेच्या ‘फाउस्ट’मधल्या आणि शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मधल्या ओळी म्हटल्या आणि त्या मेणाच्या नळीवर उमटल्या. पुढे त्या नळ्या कुठल्या कुठे पडून राहिल्या. २०१२ साली त्यांची ओळख पटली, तेव्हा लक्षात आलं की १८०० साली जन्मलेल्या माणसाचा आवाज आपल्या हाती लागला आहे. याच्याआधी जन्मलेल्या कुणाही माणसाचा आवाज आज जगाकडे नाही.

गंमत अशी, की हा माणूस प्रसिद्ध होता तो न बोलण्याबद्दल. सात भाषा येतात आणि सातही भाषांत गप्प बसतो, असं त्याच्याबद्दल म्हटलं जाई. फ्रान्स आणि ऑस्ट्रिया या दोन बलाढ्य सत्तांना हरवणाऱ्या सैन्याचा हा मेंदू. त्याने युद्धाच्या इनामातून विकत घेतलेलं गाव आज जगाला माहीत आहे, ते मात्र त्याच्या पणतवंडांच्या पिढीने तिथे केलेल्या बोलण्यामुळे. आणि ते बोलणं जपलं, तेही मोल्टके घराण्याने एकट्याने नव्हे. ज्यांचा त्या घराण्याशी, त्या भाषेशी, त्या धर्मपंथाशीही संबंध नव्हता अशा पोलिश माणसांनी ते आपलं मानलं. या लेखाचा विषय ते गाव आणि तो वाडा आहे, पण मला खरं कुतूहल आहे ते या वारसदारांचं.

गावाचं आजचं नाव क्षिझोवा. पोलंडच्या नैऋत्य कोपऱ्यात, व्रोत्सवाफ शहरापासून तासाभराच्या अंतरावर, श्विदनित्सा या जुन्या बाजारगावाशेजारी ते वसलं आहे. पिवावा नावाची लहानशी नदी, सपाट सुपीक रान आणि दक्षिणेला गुरी सोव्ये म्हणजे घुबडांच्या डोंगरांची रांग. सायलेशिया हा कायम कुणाच्या तरी वाटणीत निघालेला प्रदेश. आधी पोलंडच्या पिआस्त राजघराण्याच्या शाखा, मग बोहेमियाचं राज्य, १५२६ पासून हॅब्सबर्ग, आणि १७४० नंतर प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकने लढून हिसकावलेला प्रांत. प्रत्येक धन्याने आपला कारभार आणला आणि पुष्कळदा आपला धर्मही.

याचा सगळ्यात बोलका पुरावा श्विदनित्सात उभा आहे. तीस वर्षांच्या धर्मयुद्धानंतर कॅथलिक सम्राटाने इथल्या प्रोटेस्टंटांना चर्च बांधायची परवानगी दिली, पण अटी अशा की परवानगी न दिल्यासारखीच. चर्च गावकुसाबाहेर हवं, दगड-विटा वापरायच्या नाहीत, मनोरा-घंटा नाही, आणि बांधकाम वर्षभरात संपलं पाहिजे. लोकांनी लाकूड, माती आणि पेंढा घेऊन १६५६-५७ मध्ये साडेसात हजार माणसं मावतील एवढं चर्च उभं केलं. तात्पुरतं ठरावं म्हणून घातलेल्या अटींतून उभं राहिलेलं ते ‘शांततेचं चर्च’ साडेतीनशेहून अधिक वर्षं टिकून आहे आणि २००१ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. क्षिझोव्याला जाणाऱ्याने आधी हे पाहावं. सायलेशियातल्या माणसाने राज्यकर्त्यांच्या मर्जीत जगायचं म्हणजे काय केलं, ते तिथल्या लाकडी सज्ज्यांवर नजर टाकली की कळतं.

क्रायझाऊचा वाडा त्यामानाने साधाच. अठराव्या शतकातला, पांढऱ्या भिंतींचा, मध्ये मोठं प्रशस्त अंगण आणि अंगणाभोवती तबेले, गोठे, धान्याची कोठारं. ‘कॅसल’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे बुरूज आणि खंदक येतात, तसलं इथे काही नाही. सायलेशियात असे जमीनदारांचे वाडे शेकड्यांनी होते. हा मोल्टकेंकडे आला तो एका लढाईमुळे. ३ जुलै १८६६ रोजी क्योनिगग्रेट्सच्या रणावर प्रशियाने ऑस्ट्रियाचा पराभव केला. आगगाडी आणि तारयंत्र यांच्या जोरावर तीन सैन्यं वेगवेगळ्या वाटांनी आणून एका जागी भिडवायची, ही मोल्टकेंची योजना होती. कृतज्ञ सरकारने त्यांना दोन लाख थेलरचं इनाम दिलं आणि त्यातून १८६७ मध्ये त्यांनी क्रायझाऊ आणि लगतच्या दोन वाड्या विकत घेतल्या. आयुष्यभर भाड्याच्या आणि सरकारी घरांत राहिलेल्या माणसाला सदुसष्टाव्या वर्षी स्वतःचं घर मिळालं. पुढच्याच वर्षी, नाताळच्या आदल्या दिवशी, त्यांची पत्नी मारी वारली. ती वयाने बरीच लहान, मूळची इंग्रज घरातली. गावाशेजारच्या टेकडीवर त्यांनी तिच्यासाठी समाधीचं छोटं देऊळ बांधलं, टेकडीवर झाडं लावली, आणि १८९१ मध्ये स्वतःही तिच्याशेजारी विसावले.

वाड्याच्या जिन्यात दोन भित्तिचित्रं आहेत. एकात १८०६ साली फ्रेंच सैनिक ल्युबेक शहर लुटताहेत. लहानग्या मोल्टकेने ती लूट पाहिली होती. दुसऱ्यात १८७१ साली जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरतं आहे. मधल्या पासष्ट वर्षांचा हिशेब असा जिन्यातच मांडून ठेवलेला. पायऱ्या चढता-उतरता त्या घरातली मुलं जे शिकत असतील, ते सांगायला वेगळ्या शिक्षकाची गरज नव्हती.

फील्डमार्शलना मूलबाळ नव्हतं. मालमत्ता पुतण्याकडे गेली. (दुसरा एक पुतण्या, हाही हेल्मुट फोन मोल्टकेच, १९१४ मध्ये जर्मनीचा सेनाप्रमुख होता आणि मार्नच्या लढाईत खचला. घराण्याच्या नावाचं ओझं काय असतं त्याचा हा नमुना, पण त्याची गोष्ट वेगळी.) पुतण्याचा मुलगा क्रायझाऊचा मालक झाला आणि त्याने लग्न केलं ते दक्षिण आफ्रिकेचे पुढे सरन्यायाधीश झालेले सर जेम्स रोझ इनिस यांच्या एकुलत्या एक मुलीशी, डोरोथीशी. प्रशियाच्या त्या खेड्यात अशा रीतीने इंग्रजी बोलणारी, कायद्याचं राज्य म्हणजे काय ते वडिलांच्या घरी पाहिलेली सून आली. तिचा थोरला मुलगा हेल्मुट जेम्स ११ मार्च १९०७ रोजी क्रायझाऊमध्येच जन्मला. नावातलं ‘हेल्मुट’ सेनापतीचं आणि ‘जेम्स’ न्यायमूर्तींचं. या मुलाच्या पुढच्या आयुष्यात दुसरं नाव पहिल्याला भारी ठरलं.

पहिल्या महायुद्धानंतर इस्टेट कर्जात बुडाली. १९२८ मध्ये कुटुंबाने वाडा सोडून टेकडीवरच्या साध्या घरात, ‘बेर्गहाऊस’मध्ये बिऱ्हाड हलवलं, कारण एवढा वाडा थंडीत गरम ठेवणंही परवडत नव्हतं. पुढच्या वर्षी बावीस वर्षांच्या हेल्मुट जेम्सने कायद्याचा अभ्यास चालू असतानाच सावकारांशी बोलणी करून कारभार हातात घेतला. त्याच सुमारास तो सायलेशियातल्या विद्यार्थी, शेतकरी आणि कामगार तरुणांना एका छताखाली आणणाऱ्या श्रमशिबिरांत रमला होता. सकाळी अंगमेहनत, दुपारनंतर चर्चा. जमीनदाराचा मुलगा, खाणकामगार आणि शेतमजूर एकमेकांशी बोललेच नाहीत तर जर्मनीचं हे प्रजासत्ताक टिकणार नाही, हे या मंडळींना कळलं होतं. ते टिकलं नाहीच; पण शिबिरांत जमलेली माणसं पुढे कामाला आली.

१९३१ मध्ये त्याने कोलोनच्या बँकर घराण्यातल्या फ्राया डाइशमानशी लग्न केलं. हिटलर आल्यावर न्यायाधीश होण्याचा विचार त्याने सोडला, कारण त्यासाठी पक्षात जावं लागलं असतं. लंडनला जाऊन तो बॅरिस्टर झाला. तिकडेच स्थायिक व्हावं असं मनात होतं, तोच युद्ध लागलं.

युद्धात त्याला लष्करी गुप्तचर खात्यात आंतरराष्ट्रीय कायद्याचा सल्लागार म्हणून नेमलं. ज्या सरकारने कायदा नावाची गोष्टच मोडीत काढली होती, त्या सरकारला हा माणूस रोज टेबलावर नियम मांडून दाखवत असे की ओलिसांना मारता येत नाही, युद्धकैद्यांना उपाशी ठेवता येत नाही. क्वचित कुठे एखादा आदेश थांबायचा. १९४३ च्या शरदात डेन्मार्कच्या ज्यूंना पकडायचा बेत कळल्यावर त्याने कोपनहेगनपर्यंत इशारा पोहोचवला. म्युनिकच्या ‘श्वेत गुलाब’ गटातल्या विद्यार्थ्यांचं पत्रक त्याने स्कँडिनेव्हियामार्गे बाहेर पाठवलं. ते छापून ब्रिटिश विमानांनी परत जर्मनीवरच टाकलं.

आणि या सगळ्याच्या जोडीला बैठका. त्यांचं मुख्य ठिकाण खरं तर बर्लिन. पेटर योर्क फोन वार्टेनबुर्ग या मित्राच्या घरात दोन-तीन जणांच्या अखंड भेटी चालत. क्रायझाऊला मोठ्या बैठका झाल्या त्या अवघ्या तीन : मे १९४२, ऑक्टोबर १९४२ आणि जून १९४३. पहिली आणि तिसरी पेंटेकॉस्टच्या सणात, म्हणजे सुट्टीला पाहुणे आले एवढंच गावाला दिसावं. टेकडीवरच्या घरात पाहुणे उतरत, शेतावरून फिरत, जेवत आणि दार लावून बोलत. यात उमराव होते, समाजवादी होते, जेझुइट पाद्री होते, प्रोटेस्टंट धर्मशास्त्री होते. आल्फ्रेड डेल्प नावाचा जेझुइट आणि कार्लो मिअरेनडोर्फ, आडोल्फ राइखवाइन यांच्यासारखे समाजवादी एकाच कामाला लागावेत, ही जुन्या जर्मनीत अशक्य कोटीतली गोष्ट होती. विषय एकच : हिटलर जाणार हे नक्की, त्यानंतर शाळा कशी असावी, चर्च आणि राज्य यांचं नातं काय, कारखान्यात कामगाराला काय हक्क, गुन्हेगारांवर खटले कुठे आणि कसे, आणि युरोपातल्या राष्ट्रांनी एकत्र कसं नांदावं. ऑगस्ट १९४३ मध्ये यातून नव्या व्यवस्थेच्या मूलतत्त्वांचा मसुदा तयार झाला. विचारस्वातंत्र्य आणि माणसाची प्रतिष्ठा हा त्याचा पाया होता.

या मंडळींत एक माणूस आपल्याला जवळचा आहे. जर्मन परराष्ट्र खात्यात भारतासाठी जो खास विभाग होता, त्याचा प्रमुख आडाम फोन ट्रोट त्सु सोल्त्स. १९४१ च्या एप्रिलमध्ये बर्लिनला पोहोचलेल्या सुभाषचंद्र बोसांचं काम याच विभागाकडे होतं. फेब्रुवारी १९४३ मध्ये नेताजी पाणबुडीतून पूर्वेकडे निघाले आणि त्याच वर्षी जूनमध्ये ट्रोट क्रायझाऊच्या तिसऱ्या बैठकीला हजर होता. नेताजींच्या बर्लिनवासावर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं, पण त्यांच्या फायली सांभाळणारा अधिकारी स्वतःच्या सरकारविरुद्ध कटात होता आणि ऑगस्ट १९४४ मध्ये फासावर गेला, हे वाक्य त्यात सहसा सापडत नाही.

या लोकांना देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. त्यांच्या मसुद्यात वरच्या सभागृहांसाठी थेट निवडणूक नव्हती. पक्षांवर त्यांचा विश्वास नव्हता. सामान्य मतदाराबद्दल धास्ती होती, आणि त्या मतदाराने काय केलं ते त्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे ती अगदीच निराधारही नव्हती. क्रायझाऊच्या आसपास काय चाललं होतं तेही विसरता येत नाही. काही मैलांवर ग्रोस-रोझेनची छळछावणी होती. तिथे आणि तिच्या उपछावण्यांत मिळून सव्वा लाखाच्या आसपास कैदी आले आणि सुमारे चाळीस हजार मेले. तिची एक उपछावणी शेजारच्याच ग्रेडित्स गावात होती. टेकडीवरच्या घरात मानवी प्रतिष्ठेवर चर्चा चालायची, ती या शेजारात. मला तरी यामुळे ती चर्चा पोकळ वाटत नाही. पण हे शेजारपण वगळून क्रायझाऊची गोष्ट सांगणं म्हणजे पर्यटनखात्याचं काम करणं होय.

हिटलरला ठार मारायला मोल्टकेचा विरोध होता. नव्या राज्याची सुरुवात खुनाने होऊ नये, असं त्याचं म्हणणं. त्याला अटक झाली जानेवारी १९४४ मध्ये, तीही दुसऱ्याच कारणाने : पकडल्या जाणार असलेल्या एका मित्राला त्याने सावध केलं. हिटलरला मारण्यासाठी जुलैत घडवलेला बाँबस्फोट फसला तेव्हा तो तुरुंगातच होता. पण नंतरच्या चौकशांत बैठकांची माहिती बाहेर आली आणि गेस्टापोने या मंडळींना ‘क्रायझाऊ वर्तुळ’ हे नाव दिलं. स्वतःला त्यांनी कधी काही नाव दिलंच नव्हतं.

जानेवारी १९४५ मध्ये रोलांड फ्राइस्लरच्या ‘लोकन्यायालया’त खटला चालला. बंदूक नाही, बाँब नाही, सत्ता घेण्याचा आराखडासुद्धा नाही. आरोप काय, तर काही माणसं एकत्र बसली आणि त्यांनी विचार केला. आपल्याला फक्त विचारासाठी मारताहेत, याचं मोल्टकेला तुरुंगात समाधानच वाटलं, हे त्याच्या शेवटच्या पत्रांवरून दिसतं. २३ जानेवारीला प्लोट्झेनझे तुरुंगात त्याला फाशी दिलं. त्याला कबर नाही. अकरा दिवसांनी फ्राइस्लर स्वतः हवाई हल्ल्यात मेला.

टेगेल तुरुंगाचा धर्मोपदेशक हाराल्ड पोएलखाऊ हा वर्तुळातलाच माणूस. शेवटचे चार महिने नवरा-बायकोची पत्रं तो स्वतःच्या कपड्यांत लपवून ने-आण करत राहिला. सापडला असता तर तोही गेला असता. युद्धाच्या वर्षांत हेल्मुट जेम्सने फ्रायाला लिहिलेली हजारावर पत्रं तिने क्रायझाऊच्या मधपेट्यांत दडवली होती. झडती घेणारा शिपाई सगळीकडे हात घालील, मधमाश्यांत घालणार नाही. फ्रायाचं हे डोकं नसतं, तर वर्तुळाबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे त्यातलं बरंचसं उरलं नसतं.

मग १९४५ चा उन्हाळा. लाल सैन्य आलं, पोट्सडॅमला तिघा बड्यांनी सीमा पश्चिमेला सरकवली, सायलेशिया पोलंडच्या कारभाराखाली गेला. लाखो जर्मन हुसकले गेले. फ्राया दोन लहान मुलांना आणि पत्रांना घेऊन शरदात बाहेर पडली. आधी दक्षिण आफ्रिका, मग बर्लिन, आणि १९६० पासून अमेरिकेतलं व्हर्माँट, असा तिचा प्रवास झाला.

रिकाम्या घरांत आले ते पोलिश. त्यातले कित्येक स्वतःच घरादाराला मुकलेले होते. पूर्वेकडचा पोलंड स्टालिनने गिळला होता. ल्वूफ शहरातून विद्यापीठाचे प्राध्यापक, ओसोलिन्स्की ग्रंथालयाची पुस्तकं, अगदी रात्सवावित्सेच्या लढाईचं प्रचंड गोल चित्रसुद्धा व्रोत्सवाफला आलं. गाईगुरांसकट मालगाड्यांतून आलेली कुटुंबं अनोळखी भाषेतल्या पाट्यांच्या खेड्यांत उतरली. याच पूर्व पोलंडमधली आणखी माणसं कोल्हापूरकरांनी पाहिली आहेत. १९४० पासून सायबेरिया-कझाकस्तानात हाकलून दिलेल्या, इराणमार्गे सुटलेल्या सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत १९४३ ते १९४८ पर्यंत वळिवड्याला होती. बहुतेक बायका आणि मुलं. युद्ध संपल्यावर त्यांना परत जायला गाव उरलं नव्हतं, ते याच सीमाबदलामुळे. वळिवड्याच्या बराकीत बसलेली बाई आणि सायलेशियातल्या परक्या स्वयंपाकघरात चूल पेटवणारी बाई एकाच जिल्ह्यातल्या शेजारणी असू शकत होत्या.

सरकार म्हणे, या ‘परत मिळवलेल्या भूमी’ आहेत, पिआस्त राजांच्या काळापासून आपल्याच. लोकांना खात्री नव्हती. जर्मन परत येतील या भीतीने कित्येकांनी वर्षानुवर्षं छपरं शाकारली नाहीत, फळझाडं लावली नाहीत. क्रायझाऊचं क्षिझोवा झालं आणि इस्टेटीचं सरकारी शेत. वाडा ढासळत गेला, टेकडीवरच्या समाधीतून फील्डमार्शलचे अवशेष नाहीसे झाले. सायलेशियातल्या असंख्य वाड्यांचं हेच झालं. कुठे धान्यकोठार, कुठे कचेरी, कुठे नुसता ढिगारा. शत्रूच्या सेनापतीचा वाडा जपायला कुणी पैसे का खर्च करावेत?

जपण्याचं कारण हळूहळू तयार झालं. १९६५ मध्ये पोलंडच्या बिशपांनी जर्मन बिशपांना पत्र लिहून क्षमा दिली आणि क्षमा मागितलीही. पत्राचे मुख्य लेखक होते व्रोत्सवाफचेच बोलेस्वाफ कोमिनेक. साठ लाख नागरिक गमावलेल्या देशाने क्षमा का मागायची, म्हणून वॉर्सातलं कम्युनिस्ट सरकार भडकलं, आणि सामान्य माणसंही बिथरली. पण व्रोत्सवाफच्या कॅथलिक बुद्धिजीवींच्या मंडळात तो धागा टिकला. २ ते ४ जून १९८९ या दिवसांत त्यांनी पूर्व आणि पश्चिम जर्मनी, नेदरलँड्स, अमेरिका इथली माणसं एका परिषदेला बोलावली. चार जूनला पोलंडमध्ये कम्युनिस्टांना धूळ चारणारी निवडणूक झाली, आणि त्याच दिवशी ही मंडळी पडझड झालेलं क्षिझोवा पाहायला गेली. इथे आंतरराष्ट्रीय भेटीचं केंद्र व्हावं, अशी मागणी तिथून निघाली. तेव्हा पोलंडमध्ये दुकानांत माल नव्हता आणि सरकार कुणाचं येणार तेही ठरलं नव्हतं, हे लक्षात घेतलं तर या मागणीतला वेडेपणा कळतो.

पाच महिन्यांनी राजकारणाला हे गाव सापडलं. पश्चिम जर्मनीचे चान्सलर हेल्मुट कोल पोलंडच्या दौऱ्यावर यायचे होते. ओपोलेचे बिशप आल्फोन्स नोसोल यांनी त्यांना सेंट ॲनच्या डोंगरावर प्रार्थनेला बोलावलं. पण १९२१ मध्ये तिथेच पोलिश बंडखोर आणि जर्मन स्वयंसेवक एकमेकांचे गळे कापत होते. पोलंडमध्ये गहजब झाला. शोधाशोध करून क्षिझोवा ठरलं. कोल ९ नोव्हेंबरला वॉर्सात उतरले आणि त्याच रात्री बर्लिनची भिंत फुटली. ते दौरा अर्धवट टाकून बर्लिनला गेले, परत आले, आणि १२ तारखेला पडक्या वाड्यासमोरच्या अंगणात नोसोल यांच्या प्रार्थनेत त्यांनी आणि पोलंडचे पंतप्रधान तादेउश माझोव्येत्स्की यांनी एकमेकांना मिठी मारली. गर्दीत सायलेशियातल्या जर्मन अल्पसंख्याकांनी कोल आपलेही चान्सलर असल्याचे फलक धरले होते, आणि ते पाहून अनेक पोलिश प्रेक्षकांच्या पोटात गोळा आला. कोल यांनी तेव्हा सीमेबद्दल शब्द दिलेला नव्हता. सीमेचा करार झाला तो वर्षभराने, १४ नोव्हेंबर १९९० रोजी. छायाचित्र आधी, कागद नंतर.

तरी एक गोष्ट मान्य करायला हवी : मिठी मारून नेते निघून गेले आणि मग मागे काम उभं राहिलं. १९९० मध्ये क्षिझोवा प्रतिष्ठान स्थापन झालं. पैसा आला तो विलक्षण वाटेने. १९७५ मध्ये पश्चिम जर्मनीने पोलंडला एक अब्ज मार्कांचं कर्ज दिलं होतं, ते थकलं होतं. त्यातला भाग माफ झाला आणि उरलेला पोलंडने आपल्या चलनात, आपल्याच देशातल्या द्विपक्षीय प्रकल्पांसाठी भरायचा ठरलं. बुडीत कर्जाच्या त्या निधीतून छपरं, भिंती, जिने दुरुस्त झाले. गोठ्यांत आणि तबेल्यांत मुलांच्या राहण्या-जेवण्याची सोय झाली. जून १९९८ मध्ये कोल आणि पोलंडचे पंतप्रधान येझी बुझेक यांनी केंद्राचं उद्घाटन केलं. जर्मन, पोलिश, युक्रेनियन आणि इतर देशांतली शाळकरी मुलं तिथे आठवडा-आठवडा राहतात, भांडतात, नाटकं बसवतात. जिन्यातली दोन्ही भित्तिचित्रं कुणी खरवडून काढली नाहीत. पॅरिसमध्ये शिरणाऱ्या सैन्याखालून पोलिश आणि फ्रेंच मुलं आज जेवायला जातात.

सगळं गोडीगुलाबीचं झालं असं नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला देशभरची सरकारी शेतं मोडीत निघाली आणि अशा खेड्यांत बेकारी आली. गावातल्या माणसाला ‘समेट’ हा शब्द बाहेरून आलेल्या पाहुण्यांचा वाटला असेल तर नवल नाही. राज्यकर्त्यांचे सूरही बदलत राहिले. २०१४ मध्ये जर्मनीच्या चान्सलर अँगेला मेर्केल आणि पोलंडच्या पंतप्रधान एवा कोपाच त्या मिठीच्या पंचविसाव्या वर्षानिमित्त तिथे एकत्र आल्या. २०२२ मध्ये वॉर्साच्या सरकारने जर्मनीकडे सहा लाख कोटी झ्लॉटींहून अधिक युद्धभरपाई मागितली.

याआधी एक प्रकरण असं घडलं होतं, की त्यात या वाड्याचंही नाव सहज आलं असतं. हुसकलेल्या जर्मनांच्या काही वारसांनी ‘प्रशियन ट्रस्ट’ नावाची कंपनी काढून पोलंडमधल्या जमिनी-घरं परत मागण्यासाठी स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयात दावे टाकले. २००८ मध्ये ते फेटाळले गेले. मोल्टके कुटुंबाने असला दावा कधी केला नाही. वाडा, अंगण, टेकडीवरचं घर हे सगळं पोलिश प्रतिष्ठानाकडे असावं आणि तिथे तरुण माणसं बोलत राहावीत, हीच फ्रायाची इच्छा होती. केंद्रासाठी निधी उभारायला तिने आपलं नाव दिलं, म्हातारपणी पुन्हा पुन्हा तिथे गेली. १ जानेवारी २०१० रोजी, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, ती व्हर्माँटमध्ये वारली. जर्मनीत तिच्या नावाने उभं राहिलेलं प्रतिष्ठान आजही क्षिझोव्याच्या खर्चाला हातभार लावतं.